टँकर आणि ॲडमिरल

अख्खं आयुष्य नौदलात काढून ॲडमिरल म्हणून निवृत्त झालेले साहेब आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत राहायला आले आणि वर्षभरात सेक्रेटरी झाले. त्याआधी चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून ते काम मी करत होतो. "ज्यांनी युद्धनौका चालवल्या, त्यांना आपली टाकी काय जड, राव!" लोक माझ्यासमोरच म्हणाले.

एप्रिलमध्ये त्यांनी सांगितलेला टँकर आलाच नाही. मला बरं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते. आता त्यांना बोलणी बसतील म्हणून मी मुद्दाम खाली गेलो. माझ्या वेळी लोक रिकाम्या बादल्या आपटायचे. त्यांच्यासाठी मात्र कुणीतरी खुर्ची आणली होती.

घरी आई पाण्यावाचून खोळंबली होती, म्हणून शेवटी साहेबांसमोरच ओळखीच्या टँकरवाल्याला मीच फोन केला. टँकर आला तशा साहेबांसाठी टाळ्या वाजल्या. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "माझं काही नाही. पाणी यांनी आणलं."

"किती मोठं मन साहेबांचं!" म्हणत लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आईसाठी बादली भरताना मात्र वाटत राहिलं, निदान एकदा तरी त्यांनी श्रेय लाटायला हवं होतं.