बटणची बाटली कशी सुटली

कपडे शिवायच्या एका कारखान्यात, तळमजल्यावर जिन्याला लागून, दोन खोल्यांचं पाळणाघर आहे. ते कुणी मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही. शिलाईच्या बायका नऊ दिवस फाटकाबाहेर उन्हात बसल्या, तेव्हा कुठे मालकाच्या ध्यानात आलं की बायकांना मुलंही असतात. त्या नऊ दिवसांत सगळ्यांत पुढे बसलेली, घसा बसला तरी स्वतः गप्प न बसलेली बाई म्हणजे मावशी. पुढे तिची नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना, तेव्हा बायकांनीच तिला मशीनवरून उठवून पाळणाघरात आणून बसवलं. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

मावशीचा राग नाकाच्या शेंड्यावर. आया पाठीमागे तिला 'हवालदार' म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आतल्या खोलीत आठ तान्ही आणि रांगती. बाहेरच्या खोलीत चालती-पळती वीस, आणि त्यांच्यामागे एकच बाई. म्हणून मावशीनं नियम केला होता, बाहेरच्या खोलीत दुधाची बाटली चालणार नाही. एकाच्या तोंडात बाटली दिसली की एकोणीस जणांना तीच हवी असते, आणि मग जे होतं त्याला पाळणाघर म्हणत नाहीत, कुस्तीचा आखाडा म्हणतात.

या नियमात अडकली बटण. बटण म्हणजे काजाच्या मशीनवर बसणाऱ्या बाईची दीड वर्षांची लेक. काजवालीची पोर म्हणून सगळ्या मजल्यानं तिचं नाव बटण ठेवलं. खरं नाव रजिस्टरात तेवढं उरलं. सोमवारी एक जण बाळंतपणाची रजा संपवून कामावर येणार होती. तिच्या बाळाला आतला पाळणा द्यायचा, म्हणजे बटणनं बाहेर जायचं. आणि बटण पाळणाघरात बाटलीशिवाय दुधाला तोंड लावत नव्हती. तोवर बाटली सुटली नाही तर पोरीला ना आत जागा ना बाहेर. घरी सांभाळायला कुणी नाही. काजवालीला कामच सोडावं लागलं असतं. आणि हा झाला मंगळवार.

"चार दिवसांत सोडवते," मावशी म्हणाली. "अशा छप्पन्न बाटल्या सोडवल्यात मी."

तिची एक पद्धत होती. आधी मधल्या वेळची बाटली बंद करायची, झोपेची सगळ्यांत शेवटी. पेल्यात दूध दोनच घोट ओतायचं, सांडलं तरी जीव हळहळू नये इतकं. पोराला मांडीवर घ्यायचं, पेला त्याच्याच हातात द्यायचा, आपण फक्त खालून बोट लावायचं.

बटणनं पेला दोन्ही हातांनी धरला, ओठांजवळ नेला आणि तोंड असं फिरवलं की मावशीचा पदर दुधानं भिजला. बुधवारी तेच. गुरुवारी सकाळी तर पेला नुसता दिसला तरी पोर मान वळवून ओठ शिवल्यासारखे मिटून घ्यायला लागली.

फाटकावर मावशीनं काजवालीला धरलं, चार जणींच्या देखत.

"घरी गुपचूप बाटली देतेस ना? इथे मी घाम गाळायचा आणि तिथे तू पाणी फिरवायचं!"

"नाही हो मावशी. झोपतानाची सोडली तर घरी एकदाही देत नाही. घरी पेल्यातून पिते ती. पाणीही आणि दूधही."

"घरी पिते, आणि इथे तिला काय मी चावते?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काजवालीचं तोंड लाल झालं. ती वर निघून गेली.

दुपारच्या सुट्टीत मात्र डबा न उघडताच ती खाली आली. "द्या मला. मी पाजते."

"पाज. हातच्या काकणाला आरसा कशाला?" मावशीनं फळीवरचा पेला उचलला, दूध ओतलं, हात बांधून उभी राहिली. बटणनं आईच्या मांडीवरही तोंड फिरवलं.

"बघितलंस? आता बोल."

 काजवालीनं पेला नाकाशी नेला. मग दुसरा, रिकामा उचलला. मग तिसरा. "मावशी, यातून तुम्ही कधी प्यायलात?"

"मी कशाला पिऊ मुलांच्या पेल्यातून?"

"एकदा पिऊन बघा."

मावशीनं तावातावानं एक घोट घेतला. घेतला तसा तोंडातच धरून उभी राहिली, आणि धावत जाऊन मोरीत थुंकली. दूध कसलं, नुकताच पुसलेला दवाखान्याचा जिना!

झालं होतं असं. कधीकाळी तपासणीला आलेल्या साहेबानं सांगितलं होतं, बादलीभर पाण्यात एक झाकण जंतुनाशक औषध टाका आणि त्यात पेले बुडवून काढा. मावशी कुणाचं एका झाकणावर थोडंच ऐकणार! ती दोन टाकायची. "एकानं जंतू मरतात, दोनानं त्यांचं खानदान," असं अभिमानानं सांगायची. वर पेले प्लास्टिकचे. कितीही खंगाळले तरी वास मुरलेला. बाटल्या मात्र तान्ह्यांच्या म्हणून उकळून घ्यायची, त्यांना वास नाही. आणि मावशीचं नाक तीन वर्षं त्याच पाण्यात, त्याला तो वास स्वच्छतेचाच वाटायचा.

मावशी स्टुलावर बसली. बाहेरच्या खोलीतली बाई महिन्यातून दहादा सांगायची, "मुलं दूध अर्धं टाकतात हो." आणि मावशीचं उत्तर ठरलेलं, "लाडावलीत. हट्टी आहेत." तीन वर्षांत किती पोरांना हट्टी म्हटलं, याचा हिशोब तिला लागेना.

"तू आधी का नाही बोललीस गं?"

"आज सकाळपर्यंत मलाही वाटत होतं, पोरच हट्टी आहे. तुमच्यावर विश्वास होता ना."



पण नुसती बसून राहील तर ती मावशी कसली. उठली ती तडक कॅन्टीनमध्ये गेली आणि स्टीलचे पंचवीस छोटे पेले मागितले. कॅन्टीनवाला म्हणाला, "अर्ज द्या, मंजूर झाला की बघू."

"अर्ज लिहायला बसते, तोवर मुलांना तू पाज," मावशी म्हणाली. पेले मिळाले. मोठ्या पातेल्यात उकळले, फडक्यावर पालथे घातले.

संध्याकाळी सुट्टीच्या वेळी ती फाटकावर जाऊन उभी राहिली. सकाळी ज्या चार जणी होत्या त्यांना थांबवलं आणि काजवालीला म्हणाली, "सकाळी मी तुला खोटं पाडलं. खोटी मी होते. माफ कर." एवढं बोलायला तिला नऊ दिवसांच्या घोषणांपेक्षा जास्त दम लागला. काजवालीनं तिचा हात घट्ट धरला.

शुक्रवारी बटण पेला बघून नेहमीसारखी मान वळवू लागली. तीन दिवसांची दहशत एका रात्रीत जात नाही. मावशीनं घाई केली नाही. समोर बसून स्वतःच्या पेल्यातून घोट घेतला, "आहाहा" म्हणाली, मिशा पुसल्यासारखं केलं. बटण बघत राहिली. मग पेल्यात बोट घालून चाटलं. मग एक घोट. अर्धा पोटात, अर्धा झबल्यावर, आणि चेहरा असा की जणू दूध तिनंच शोधून काढलं. शनिवारी झोपेच्या बाटलीवरून थोडी रडारड झाली. आधी पेला, मग पाठीवर थोपटणं, असं करत तीही निभावली.

सोमवारी दुपारी काजवाली दबक्या पावलांनी बाहेरच्या खोलीच्या दारात आली. वीसही पेले रिकामे होते. एकविसावा बटणच्या हातात होता, आणि ती तो बाईपुढे नाचवत ओरडत होती, "अजू! अजू!"

काजवालीचे डोळे भरले. आतल्या खोलीच्या दारात उभ्या मावशीला ती म्हणाली, "मावशी, माझं काम वाचलं तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे जातच होतं, बाई. तू नाक लावलंस म्हणून वाचलं. आणि हे वीस जण आज पोटभर प्यायले, ते तुझे उपकार. माझ्या तोंडावर बोलायला छाती लागते."

वर घंटा झाली. "जा आता," मावशी म्हणाली, "काजं वाट बघतायत." काजवाली जिना चढून गेली. बाहेरच्या बाईनं पातेलं आणलं आणि बटणच्या पेल्यात आणखी दोन घोट ओतले.