रांजणावरचा तुरटीचा खडा

माझ्या दोघी नाती गोंदियाच्या दुकानात काखेत मारायच्या फवाऱ्याच्या बाटल्या अर्धा अर्धा तास हुंगत उभ्या राहतात. कोणती अंगाला मानवेल, कोणत्या बाटलीने खाज सुटेल, यावर भांडतात. मला विचारतात तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं करते. या विषयातलं माझं ज्ञान फार आहे, पण ते दुकानात सांगण्याजोगं नाही.

लग्न होऊन दवनीवाड्याकडच्या गावी आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि चौथी पास असल्यामुळे स्वतःला फार शहाणी समजत होते. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण ते स्वातंत्र्य आमच्या परसदारापर्यंत पोचलं नव्हतं. डोक्यावरून पदर, कोपरापर्यंत घट्ट बाह्यांचं पोलकं, आणि विहिरीपलीकडे जायचं तर सोबत कोणीतरी हवंच. नवरा गोंदियाला धानाच्या मिलमध्ये कारकून, शनिवारी संध्याकाळी यायचा.

सकाळी मी आणि मोठी जाऊ जात्याला समोरासमोर बसायचो. एक खुंटा, दोघींचे हात वर. पावसाळ्याचे दिवस, हवा कोंदलेली. एके दिवशी तिने मधेच हात सोडला.

"लहाने, तुह्या काखेचा वास येऊन राहिला."

माहेरी आम्ही सात जणी एका खोलीत झोपायचो. वास कोणाचा, हे शोधायला कोणाला फुरसत नव्हती. हे माझ्याबद्दल पहिल्यांदाच कळलं.

"मी तर रोज न्हाते, बाई," मी म्हटलं.

"न्हाते त खरी. पोळ्यापर्यंत नीट झाली त ठीक. नाही त मी आत्याले सांगतो, मले हिच्यासंग दळायला बसवू नका."

आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट शनिवारपर्यंत नवऱ्याच्या कानावर जायचीच. आणि एकदा नवऱ्याला कळलं की तो तोंड फिरवून झोपेल, असं मी पक्कं धरलं होतं. पोळ्याला महिना होता.

निवडायला बाजारात जावं लागतं. माझा बाजार म्हणजे घरातल्या फळ्या. आधी लग्नात आलेली पावडर भसाभस भरली. घामात तिचा उंडा झाला आणि पोलक्याच्या बाहीतून पिठासारखा गळायला लागला. मग हळद लावली, तर पोलक्याला काखेत दोन पिवळे चंद्र उमटले. मग माझी अक्कल चालली. चुन्याने घाण मरते, असं शाळेच्या पुस्तकात वाचल्यासारखं आठवत होतं. सासऱ्यांच्या पानाच्या डबीतला चुना मी दोन्ही काखांना बोटाने सारवला.

तीन दिवस मी कोंबडी पंख उचलून चालते तशी चालत होते.

"काऊन अशी चालते वं?" सासूबाईंनी विचारलं.

"पाठ धरली, आत्या."

त्यांनी माझ्या पाठीला गरम तेल चोळलं. काख आगीत, पाठ तेलात, आणि तोंडाने मी "बरं वाटते" म्हणत होते.

चौथ्या दिवशी न्हावी सासऱ्यांची दाढी करायला आला. दाढी झाल्यावर त्याने गालावर तुरटी फिरवली आणि सासऱ्यांनी डोळे मिटले, इतकं गार वाटलं त्यांना. आमच्या घरातही तुरटी होती. पावसाळ्यात विहिरीत शेजारच्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, गढूळ पाणी झिरपायचं, म्हणून रांजणावरच्या फळीवर मुठीएवढा खडा असायचा. सासूबाई रोज तो पाण्यात फिरवायच्या. गाळ खाली बसला की सारं घर ते पाणी प्यायचं.

चुन्याची आग निवेपर्यंत मी आणखी आठेक दिवस थांबले. मग एका दुपारी खडा पदराखाली घेऊन न्हाणीत गेले. ओल्या काखेत फिरवला, पुसला, परत ठेवला. मानवलं. खाज नाही, फोड नाही, वास तर नाहीच. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी सासरे तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. चौथी पास बाईला हे कळायला तीन दिवस लागले.

खडा सोडावा तर पोळा आठ दिवसांवर. सोडू नये तर प्रत्येक घोट माझ्या डोळ्यांपुढे. स्वतः मी तहान लागली की विहिरीवर जाऊन गढूळच प्यायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंचे भाऊ आले. गळ्यात माळ, बाहेरचं पाणी न पिणारे. ओसरीवर बसून दोन तांबे प्यायले आणि म्हणाले, "ताई, तुह्या घरच्या पान्याची गोडीच वेगळी."

नेमका तेव्हाच सासूबाईंनी खडा उजेडात धरला.

"हा केस कोनाचा?"

आखूड, कुरळा केस. मी म्हटलं, "म्हशीचा असंल, आत्या."

"म्हस रांजणापाशी कायले येते वं?"

जाऊ चुलीपाशी होती. तिने मान वर न करता म्हटलं, "उंदराचा असंल. रोज पळतात ना फळीवर."

रांजण उपसला गेला. सासूबाईंचे माळकरी भाऊ अंगणात जाऊन बराच वेळ चुळा भरत होते. खडा धुऊन सासूबाईंच्या पेटीत गेला, किल्ली त्यांच्या कनवटीला.

पोळ्याच्या सकाळी मी जात्याला बसले ती कोपर अंगाला घट्ट दाबून. तसं दळता येत नाही. जावेने थोडं पाहिलं, मग आपल्या कनवटीतून बोराएवढा तुरटीचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला.

"चार वर्सं झाली मले हे घासून," ती म्हणाली. "त्याच खड्याचा तुकडा आहे, काल धुताना फोडून घेतला. तो केस माहाही असू शकते."

"मंग मला आधीच काऊन नाही सांगितलं?"

"दोघींनी घासला असता त लवकर झिजला असता. आत्याच्या ध्यानात आलं असतं. आन पाह्य, आलंच ना."

तुकडा तिने मुठीत मिटला.

"रोज एक डाव देईन. पन दळन तुह्या एकटीचं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या दिवसापासून ती पाय पसरून माझ्यासमोर नुसती बसायची. लाखोरीची डाळ असो की तांदळाचं पीठ, खुंट्यावर हात माझेच.

पुढच्या शनिवारी नवरा आला. काखेचं त्याने काहीच काढलं नाही. मिलमध्ये उकडलेल्या धानाच्या वाफेत बसून बसून त्याचं नाक केव्हाच गेलं होतं, हे मला फार पुढे कळलं. त्याने माझा तळहात उलटा करून पाहिला.

"हे घट्टे कायचे?"

"दळून राहिली ना."

"एकटीच?"

जाऊ दारात उभी होती, हात कनवटीवर.

"मला आवडते," मी म्हटलं.