फंक्शनच्या दाराबाहेर

कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायला लागल्यापासून माझ्या वहीत नोट्स कमी आणि किस्सेच जास्त झालेत. त्यात ‘फंक्शनच्या आतला व्हेरिएबल बाहेर दिसत नाही’ हा धडा आला की विचारूच नका.

*

पंकज सारंगखेड्याचा, घोडे विकणाऱ्यांच्या घरातला. त्याचा प्रोग्रॅमही घोड्यावरच. फंक्शनमध्ये त्यानं घोड्याचं वय चारचं पाच केलं. बाहेर छापलं, तर पुन्हा चार.

"मॅडम, आत पाच शे, भाईर चारच दखाडी ऱ्हायना."

म्हटलं, "आतलं आतच राहतं. बाहेर हवं तर रिटर्न कर."

"ऱ्हाऊ द्या मॅडम. आमनाकडे बी भाईर गिऱ्हाईकले वय कमीच सांगतस!"

*

कविता बाजारपेठेतल्या मारवाडी कापड दुकानदाराची मुलगी. तिला रिटर्न लिहायचा भारी कंटाळा. तिनं सगळे व्हेरिएबल ग्लोबल, म्हणजे सगळ्या फंक्शनना सामायिकच करून टाकले. मग एका फंक्शननं किंमत बदलली, की बाकीच्यांची उत्तरं बोंबलली.

स्वतःच हसली. "मॅडम, आमच्या घरातला टीव्ही झाला हा. रिमोट एक, चॅनल बदलणारे सहा."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक फंक्शनला आपापला व्हेरिएबल दिला. घरच्या रिमोटचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

*

जमुना धडगावकडच्या डोंगरातली. घरी पावरी बोलायची, वर्गात बोलायचीच नाही. मला तिची फार काळजी वाटायची. प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली तर घरचे तिला गुजरातला कामाला नेणार होते. ती नापास होणार हे वडिलांनी धरूनच ठेवलेलं. परीक्षेच्या दिवशी ते हॉस्टेलमधलं तिचं बोचकं बांधून लॅबच्या दाराबाहेर बसले होते.

बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "फंक्शनमधली किंमत बाहेर कशी येते?"

जमुनानं दाराकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांनी मार्क लिहायला पेन उचललं.

जमुना उठली, सरळ बाहेर गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, गेली पोरगी.

बाहेरून आवाज आला, "सर, माझ्या मुठीत काय आहे?"

"दार बंद आहे. मला कसं दिसणार?"

दार उघडलं. जमुनानं आत येऊन मूठ त्यांच्या हातावर रिकामी केली.

"आता रिटर्न केलं, सर."

त्यांच्या तळहातावर एक किल्ली होती.

"कसली ही?"

"हॉस्टेलच्या खोलीची. नापास झाले तर आजच जमा करायची आहे."

परीक्षकांनी आधी मार्क लिहिले. मग किल्ली तिच्यापुढे सरकवली.

"ही ठेव तुझ्याकडेच."