मुलीच्या खोलीतला ब्लू स्प्रूस

मस्कतमध्ये ब्लू स्प्रूससारखं बर्फाळ प्रदेशातलं झाड लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे नर्सरीवाल्यालाही माहीत होतं. "साब, इन्शाल्ला चलेगा," एवढंच तो म्हणाला. वीस वर्षं ओमानमध्ये काढलेल्या माझ्या नवऱ्याला त्या इन्शाल्लाचा अर्थ कळायला हवा होता. पण कॅनडातली आमची मुलगी गेल्या खेपेला चारच दिवस राहिली होती, आणि जाताना म्हणाली होती, "इथे सगळं किती ब्राउन आहे, बाबा." तेव्हापासून यांनी ध्यासच घेतला. तिच्या फोटोंत दिसतं तसं निळसर झाड आपल्या दारात असलं, की पोरगी महिनाभर तरी राहील म्हणे.

मस्कतच्या मवालेह भागातल्या आमच्या अंगणात झाडाने मार्चपर्यंत कसाबसा तग धरला. एप्रिलमध्ये त्याची सुयांसारखी पानं गळायला लागली, तशी कुंडी मुलीच्या खोलीत आली आणि तिचा पलंग शेजाऱ्यांच्या स्टोअररूममध्ये गेला. एसी अठरावर, कुंडीत सकाळ-संध्याकाळ बर्फाचे खडे. मी हॉलमध्ये उकडून निघाले तरी चालेल, पण त्या खोलीचं दार उघडं राहिलं की हे खेकसत. ऑफिसातून दुपारी फोन यायचा तो झाडाची चौकशी करायला. माझ्या गुडघ्यांची अशी चौकशी या जन्मात झालेली नाही.

मुलगी यायला आठवडा उरला आणि सुयांवर लाल कोळी ही कीड पडली. मी पुण्याहून आणलेलं कडुलिंबाचं तेल काढलं. आमच्या घरात जास्वंदीपासून डोक्यातल्या कोंड्यापर्यंत सगळ्याला तेच चालतं. साबणाच्या पाण्यात तेल घालून झाडाला चांगलं न्हाऊ घातलं. कोळी खलास. निळा रंगही खलास! तो रंग म्हणजे सुयांवरचा मेणासारखा पातळ थर असतो आणि तेलाने तो जातो, हे यांनी मला नंतर सांगितलं, तेही आवाज न चढवता. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला फार अपराधी वाटलं.

बुधवारी मुलगी आली आणि खोलीच्या दारातच थबकली. "बाबा, माझा बेड कुठेय?"

"हे तुझ्यासाठी," हे झाडाकडे बोट दाखवत म्हणाले. "परवापर्यंत निळं होतं."

"अरे बाबा, तिकडे ही प्रत्येक घरासमोर असतात. मी इथे ट्री बघायला येते का? तू फोन करून फक्त सांगायचं ना, की जास्त दिवस राहा."

"सांगितलं असतं, तर राहिली असतीस?"

तिने मान खाली घालून बॅग उघडली आणि यांच्यासाठी आणलेला जाड लोकरी स्वेटर बाहेर काढला. "संडेची फ्लाइट आहे, बाबा."

"छान आहे," हे म्हणाले. ऑगस्ट महिना होता. यांनी तो स्वेटर तिथेच अंगात घातला आणि खालपासून एकेक बटण लावत राहिले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.