मधलं राष्ट्र आणि त्याची कोनशिला

सुभेदार आकाराम फौजेतनं रिटायर झालं ते गुडघं झिजवून, पण आवाज जसाच्या तसा घिऊन आलं. सकाळी दात घासताना त्यांनी नुसतं खाकरलं तरी आमच्या मधल्या मळ्यातली कुत्री सावधानमध्ये उभी ऱ्हात्यात. मी त्यांचा शेजारी नानासो. आमचं बांधावरनं भांडण हाय. ते बापजाद्यापासनं आलंय आणि आमी दोघं बी मनापासनं सांभाळतो. तरी सांगतो, माणूस लबाड न्हाई. डोक्यानं जरा जादा हाय, एवढंच.

आमची वस्ती पलूसच्या अंगाला, दोन गावांच्या मधी. डांबरी गाठायची तर ओढा वलांडायचा. गेल्या पावसाळ्यात सुभेदारांची बायको, लीलावहिनी, दुधाचं कॅन घिऊन ओढ्यात घसरल्या आणि हात मोडला. सुभेदारांनी त्यास्नी पाठीवर घिऊन डांबरी गाठली. त्या दिवशी पयल्यांदा त्यांच्या मिशा थरथरताना बगितल्या मी. मग ते पूल मागाय एका पंचायतीत गेलं. ती म्हणली, तुमची वस्ती पल्याडच्या गावात. पल्याडची म्हणली, अल्याडच्या. नकाशा काढला तर हद्दीची रेघ आमच्या गोठ्यातनं गेलेली.

"ठीक है," सुभेदार म्हणलं. "आमी कुणाचंच न्हाई, तर आमी आमचं राष्ट्र काढतो. पयलं काम पूल. पावसाच्या आत."

आसं मधलं राष्ट्र निघालं. राष्ट्र म्हणल्यावर सरकार आलंच. सुभेदार राष्ट्रपती झालं, ते बी बिनविरोध. कारण विरोध कराय उठलो मी, आणि मला लगीच अर्थमंत्री केलं. मला तंबाखूच्या पुडीचा हिशेब लागत न्हाई, पण चालून आलेल्या पदाला न्हाई कोण म्हणतंय? नेमिनाथ अण्णांचं ओढ्यापल्याड खताचं दुकान, म्हणून ते परराष्ट्रमंत्री. अर्जुनाच्या कुत्र्याला सगळी भित्यात, म्हणून अर्जुन संरक्षणमंत्री. बाकीचं बी काय ना काय झालं. ऱ्हायल्या लीलावहिनी. त्या जनता.

अर्थव्यवस्था सोपी हुती. ऊस कवा तुटंल ते कारखान्यालाच ठावं, तवा रोजची निर्यात म्हणजे वहिनीच्या म्हशीचं दूध आणि आयात म्हणजे बाकी सगळं. कर एकच, चहा. तो बी जनतेनंच भरायचा. मंत्रिमंडळ रोज वहिनीच्या घराच्या सोप्यात बसायचं. पूल हा विषय कायम पयला असायचा आणि चहा आला की दुसरा व्हायचा.

फ्लेक्स मातुर वेळंवर लागायचं. ज्याचा वाढदिवस त्याचा मोठा फोटो, खाली आमी समदी गॉगल घालून. एकदा अण्णांचं तोंड माझ्यापेक्षा रुंद छापलं म्हणून मी सरकार पाडलं. दुपारी वहिनीनी जेवाय बोलवलं, तवा परत उभं केलं.

"आवं, पाऊस तोंडावर आला," वहिनी सुभेदारांस्नी म्हणायच्या. "दोन फळ्या तरी टाका."

"राष्ट्राचा पूल फळ्यांचा असतोय व्हय? आधी कोनशिला, मग भूमिपूजन, मग पूल. सिस्टीम असती."

आणि कोनशिलेवरच घोडं अडलं. सुभेदारांच्या नावाच्या खाली माझं नाव का अण्णांचं, ह्यात आमी आख्खा उन्हाळा घालवला. शेवटी तोड निघाली. कुणाच्या खाली कुणी नको, समदी नावं एका वळीत आडवी, मोठ्या अक्षरांत. मग दगड बी तेवढा लांब लागला, आणि मोडू नये म्हणून जाड. पुलासाठी जमवलेलं समदं पैसं त्या काळ्या दगडातच गेलं. पाथरवट म्हणला, "एवढी लांब कोनशिला मी जन्मात केली न्हाई." आमास्नी लय अभिमान वाटला.

भूमिपूजनाला फुलं उधळाय जेसीबी आणला. ओढ्याला गढूळ पाणी आलं हुतं. पयला नारळ कुणी फोडायचा ह्यावर आमचं जुंपलं, कारण जो तो आपला नारळ घिऊन आलेला. वहिनी कॅन घिऊन काठावर उभ्या.

"डेअरी बंद हुईल. मी कशी जाऊ?" त्यांनी इचारलं.

"आजच्या दिवस थांब की. कार्यक्रम हुंदे," सुभेदार म्हणलं.

वहिनी वाद घालत बसल्या न्हाईत. घरातनं पोह्याची ताटली आणली आणि जेसीबीवाल्या रविराजच्या हातात दिली.

"खा बाबा. आणि खाऊन झालं की ह्यो दगड उचल आणि तितं ओढ्यावर आडवा टाक. तितं अरुंद हाय."

"काकू, पण साहेब?"

"साहेब राष्ट्रपती हायत. पोहं कुणी दिलं?"

आमचं नारळाचं मिटतंय तवर मागं धप्प आवाज झाला. वळून बगतोय तर कोनशिला ह्या काठापासनं त्या काठापतुर बसलेली, नावं खाली पाण्याकडं. वहिनीनी आधी एक पाय टाकून दगड हालतोय का बगितला. मग गेल्या साली मोडलेला हात पोटाशी धरून, दुसऱ्या हातात कॅन घिऊन त्या पल्याड गेल्या. खरं सांगतो, मला लाज वाटली. हातातला नारळ कुठं ठेवावा ते कळंना.

"नावं तरी वर ठेवायची," सुभेदार बारीक आवाजात म्हणलं. त्यांचा आवाज एवढा बारीक हुतोय हे मला ठावं नव्हतं.

"नावांची बाजू गुळगुळीत हाय," वहिनी पल्याडनं म्हणल्या. "मला परत हात मोडून घ्यायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावचं सरपंच त्याच दगडावरनं आलं, हातात एकेक नारळ. दोघांचं म्हणणं एकच, वस्ती आमचीच आणि पूल बी आमचाच. वहिनीनी दोन्ही नारळ घेतलं आणि खोबरं खवाय आत नेलं. एवढ्या मोठ्या वाटाघाटीला राष्ट्रपती पायजेत म्हणून मी हाक मारली, तर सुभेदार दुधाचं कॅन घिऊन ओढ्यापल्याड गेलं हुतं.