पुंडलिकमामांची पाणअस्वलं

अंधार करणं हे पुंडलिक साळव्यांचं काम होतं, आणि ते त्यांच्यासारखं कुणालाच जमत नसे.

लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठाची जीवशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथं महिन्यातल्या एका रविवारी सगळ्यांसाठी व्याख्यान असतं. कधी वटवाघळांवर, कधी मधमाश्यांच्या नाचावर. फाटक उघडं, चहा फुकट, ज्याला वाटेल त्यानं यावं. पुंडलिकमामा तिथले शिपाई. वक्त्यानं मान हलवली की ते मागच्या भिंतीवरची बटणं बंद करत, पण एका दमात कधीच नाही. आधी मागचे दिवे, मग मधले, सगळ्यात शेवटी व्यासपीठावरचा. टेकडीवरून संध्याकाळ उतरावी तसा अंधार उतरे. खुर्च्यांची करकर थांबे, खोकले थांबत, आणि मग पडद्यावर पहिलं चित्र उमले. रंगभूमीवर हयात घालवलेल्या माणसांना विचारा. अर्धा प्रेक्षक तिथंच जिंकलेला असतो.

बटणांखाली मामांचं लाकडी स्टूल होतं. शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यानातले अवघड शब्द कानावरून जात, चित्रं मात्र आत शिरत आणि तिथंच घर करत. फुलपाखराच्या पंखावर रचलेली कौलं, पानाच्या पाठीवरची उघडमीट करणारी तोंडं. कार्यक्रम संपे, लोक पांगत, सायकल उस्मानपुऱ्याच्या रस्त्याला लागे, तरी मामा अजून त्या अंधारातच असत.

एकदा डॉ. सुलेखा मॅडमनी पाणअस्वलं दाखवली. आठ पायांचा, गुबगुबीत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव. भिंतीवरच्या शेवाळात राहतो. शेवाळ वाळलं की तोही आक्रसून कोरडा होतो. खाणं नाही, पिणं नाही, हालचाल नाही. वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, आणि पाण्याचा थेंब मिळाला की पाय ताणून उठतो न् चालायला लागतो.

त्या दिवशी मामा सायकल हातात धरून चालतच घरी गेले. रिक्षांचे भोंगे वाजत होते, ऊन तापलं होतं, पण मामांना सगळं शहर निजलेलं दिसत होतं. जुन्या दरवाज्यांच्या काळ्या दगडांत, दर्ग्याच्या कुंपणात, पाणचक्कीच्या कडेला, जिथं तिथं अस्वलं पाय पोटाशी घेऊन झोपली होती. मामा पाऊलसुद्धा हलकं टाकत होते.

"गोजर, आज अस्वल पाह्यलं," घरात शिरताच ते बायकोला म्हणाले. "भिंतीत झोपतं. पानी टाकलं का उठतं."

"केवढं हाये?" गोजरबाईंनी तव्यावरून मान न वळवता विचारलं.

मामांनी हात पसरले. पडद्यावर ते म्हशीएवढं होतं, तर म्हशीएवढंच सांगायला नको का?

गोजरबाई पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी विहारात मैत्रिणींना सांगून बसल्या. झालं! गल्लीला खेळणं मिळालं. "काय गं गोजर, अस्वलाला भाकर टाकली का न्हाय?" मनकर्णाबाई वाटेत अडवून विचारायच्या. "तुझ्या मालकाला म्हणावं, माझ्या बी भिंतीत एक बांधून जा." आठवडाभर गोजरबाईही हसल्या. पण मामा थापा मारतात असं जेव्हा लोक सरळ तोंडावर बोलू लागले, तेव्हा ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

"हे बघा," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुमी आता मला तिथलं काही सांगत जाऊ नका. लोकं मला हसतेत."

मामांनी मान डोलवली. तेव्हापासून रविवारी ते घरी येत, हातपाय धूत, जेवत. भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. इतकी वर्षं जे घर संध्याकाळी बोलत होतं, ते गप्प झालं. मामांच्या आत चित्रं साठत गेली आणि त्यांचं ओझं वाटू लागलं. सांगायला कुणी नसेल तर पाहिलेलं अर्धंच पाहिल्यासारखं राहतं.

म्हणून फेब्रुवारीत सुलेखा मॅडमनी वस्तीतल्या बायांसाठी कार्यशाळा ठरवली, तेव्हा मामा त्यांच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभे राहिले. "मॅडम, आमच्या विहारातल्या बायांला बोलवा ना. अस्वलंच दाखवा."

"बोलवते की. मागच्या भिंतीवर भरपूर आहेत," मॅडम फायलीतून डोकं न काढता म्हणाल्या.

मामांनी यातलं एवढंच ऐकलं, की बोलवते.

संस्थेत पाहुणे यायचे म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि भिंतींना चुना, हा रिवाज. पण ह्या वेळची पाहुणी गोजर होती! आदल्या दिवशी मामांनी कुणाची वाट पाहिली नाही. बादलीत चुना कालवला, प्रयोगशाळेमागची ती काळवंडलेली भिंत खराट्यानं खरवडली आणि दोन हात मारले. पडद्यावरचं शेवाळ हिरवंगार, टवटवीत होतं. हे वाळके, काळपट पापुद्रे म्हणजेच ते, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. माळीकाम करणारे अप्पाराव कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. "पुंडलिकराव, भिंतीचं लगीन हाये का काय?"

"तसंच समजा," मामा हसले. उन्हात भिंत दुधासारखी झळकत होती.

सकाळी बाया आल्या. ठेवणीतल्या पांढऱ्या साड्या, केसांत फुलं, पुढं मनकर्णाबाई. मॅडम हातात सुरी आणि बशी घेऊन मागच्या बाजूला गेल्या आणि तशाच थबकल्या.

"मामा, हे कुणी केलं?"

"मीच केलं, मॅडम."

"अहो, आपली अस्वलं ह्याच भिंतीवर होती."

मामांच्या हातातली पाण्याची कळशी कलंडली. झोपेतच गेली ती, एवढा एकच विचार त्यांच्या मनात आला. इतका उन्हाळा काढून, इतकी वाट पाहून, आणि शेवटी माझ्या हातून. मॅडमनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यानं तर मामांना आणखीच कसंतरी झालं.

"काय झालं वो?" गोजरबाई जवळ आल्या.

"अस्वलं व्हती इथं. चुन्यात गेली."

गोजरबाईंनी पांढऱ्या भिंतीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "नेमकी आजच?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. ते पाहून मामांना वाटलं, सरळ फाटकाबाहेर निघून जावं.

पण सुलेखा मॅडम अशा खचणाऱ्या नव्हत्या. "बायांनो, भाजी खुडता येते ना?" त्यांनी हाक दिली. "मग पांगा! झाडाचा बुंधा, नळाची जागा, दगडाची सावली. काळं-हिरवं, कोरडं, जे खरवडून निघेल ते आणा. अस्वल असेलच असं सांगता येत नाही, पण नसेलच असंही नाही."

आणि काय सांगावं, त्या आवारात जत्रा भरली! कुणी केसातली पिन काढली, कुणी चमचा मागितला. बाया चिंचेखाली वाकल्या, पायऱ्यांच्या फटीत बोटं घालू लागल्या. अप्पारावही खुरपं घेऊन धावले. मनकर्णाबाई पदरात पसाभर माती घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घ्या मॅडम, वाघ निघाला तरी मी जबाबदार न्हाय."

बशा मांडल्या, पाणी शिंपडलं. मॅडमनी चहा पाजला, पेशी म्हणजे काय ते सांगितलं, बऱ्याच गप्पा झाल्या. मग सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा पडद्याला जोडला आणि मागं पाहून मान हलवली.

अंधार नेहमीसारखाच उतरला. मागचे दिवे, मधले, शेवटी व्यासपीठावरचा. गोजरबाई पुढं मैत्रिणींत बसल्या नव्हत्या. त्या मागं, स्टुलापाशी येऊन उभ्या होत्या. मामांनी स्टूल पुढं केलं, तशा त्या बसल्या.

पडद्यावर तपकिरी रान पसरलं. पानं, कण, बुडबुडे. एक बशी गेली, दुसरी गेली. काही हललं नाही.

"झोप लई गाढ दिसती," अंधारातून मनकर्णाबाईंचा आवाज आला. हशा पिकला. मामांनी डोळे मिटून घेतले.

मग हशा मधेच थांबला.

एका पानाच्या टोकाशी चिकटलेला सुरकुतलेला दाणा फुगत होता. त्याला एक कड फुटली. कडेला पाय आला, पायाला नख्या आल्या, मग दुसरा पाय. तो जीव अंग ताणत, अडखळत, पानाला धरून उभा राहिला आणि साऱ्या पडद्यावरून सावकाश चालू लागला.

"माय वो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

गोजरबाई कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नाही. "कसं चालतंय बघा," त्या हळूच म्हणाल्या. "बाळंतीन पहिल्यांदा खाटंवरून उठल्यावानी." मग त्यांनी विचारलं, "मी नको म्हन्ले, त्याच्यानंतर अजून काय काय पाह्यलं तुमी?"

"लई पाह्यलं, गोजर."

तेवढ्यात पुढून मॅडमचा आवाज आला, "मामा, लाइट लावा."

मामांचा हात बटणाकडं गेला. गोजरबाईंनी तो मनगटाशी धरला. "ऱ्हाऊ द्या जरा. आधी सांगा."

आणि मामा तिच्या कानाशी वाकून सांगू लागले.