अर्धा फेरा जास्त

आमची आत्या विमान शिकवणाऱ्या शाळेत मेकॅनिक आहे आणि तिला विमानात बसायची भीती वाटते. घरात यावरून तिची यथेच्छ थट्टा होते. पण त्या शाळेचा शिरस्ता असा, की ज्याने दुरुस्ती केली त्याने पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचं. म्हणून आत्या डोळे गच्च मिटून बसते. पुढे आतोबा, म्हणजे तिचा नवरा आणि तिथला जुना शिक्षक. "अहो, उतरलो का?" एवढंच ती विचारते.

आतोबा साठीला टेकले तशी कार्यालयात कुजबुज सुरू झाली, म्हाताऱ्याला आता खाली बसवा म्हणून. त्यांचा सगळा जीव त्या विमानात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते घरातल्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटतात, कायमचे घरी बसले असते तर आमचं काही खरं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात शेपटीचं चाक बदलून आत्या अशीच मागे बसली. विमान उतरलं, धावपट्टीवर सरळ धावू लागलं आणि मागे फाडकन आवाज झाला. बोल्ट तुटून शेपटीचं चाक निखळलं होतं. जमिनीवर पायांनी पेडल दाबून दिशा धरायची ती त्याच चाकाने. विमान गर्रकन फिरलं, गवतात घुसलं आणि एक पंख वाकवून थांबलं. दोघांना नुसतं खरचटलं, नशीब म्हणायचं.

साहेबांनी विचारलं तेव्हा आतोबा म्हणाले, "माझा पाय चुकला. विमान फिरलं आणि त्या हिसक्याने चाक तुटलं." झालं! कुजबुजणाऱ्यांना हेच हवं होतं.

आत्या मात्र गवतात गुडघे टेकून शोधत बसली. तुटलेला बोल्ट सापडला, मानेशी ताणून बारीक झालेला. प्रमाणाबाहेर आवळला की असंच होतं, हे तिला पक्कं ठाऊक. इतरांच्या विमानांना ती मापात आवळायची. नवऱ्याच्या विमानाला मात्र वर अर्धा फेरा जास्त, काळजीपोटी.

तिने बोल्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला. "पाय त्यांचा नाही चुकला. हात माझा चुकला."

आतोबा भडकले. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?"

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला?"

आतोबांची नोकरी टिकली. आत्याच्या हातातला पाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला. मला तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

विमान दुरुस्त झालं तेव्हा मागच्या सीटवर दुसरा मेकॅनिक बसला. आत्या माझ्याबरोबर कुंपणाशी उभी होती. इतक्या वर्षांत आतोबांना उतरताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. वाऱ्याने विमान जरा डुललं, सावरलं, टेकलं आणि सरळ धावत गेलं. माझ्या दंडावर तिची बोटं उमटली होती.

आतोबा ऐटीत चालत आले. "काय, कसं उतरलो?"

"छान उतरलात," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण मला लवकर मागे बसू द्या हो. खालून बघवत नाही."